सासूबाईंचं बटण

१२ नोव्हेंबर १९८४, जेचॉन

आजपासून आमच्या गल्लीत दोनशेवीस व्होल्ट. सकाळी वीज कंपनीची माणसं आली, भिंतीतले चपट्या भोकांचे जुने सॉकेट उपटले, गोल भोकांचे बसवले, वर लाल अक्षरांत २२० लिहिलेला कागद डकवला आणि माझा जवाचा चहा पिऊन गेली. जाताना एकजण म्हणाला, "आजोबा, एकशेदहाच्या जुन्या वस्तू थेट लावू नका हं." आजोबा! मला अजून साठ पुरी व्हायची आहेत. पुढचा उद्योग मी त्या रागातच केला.

विजेच्या शेगडीचा प्लग कापून नवा गोल प्लग बसवला. शिंप्याच्या हाताला एवढं काही जड नाही. मनात हिशेब केला, दाब दुप्पट तर ऊबही दुप्पट, म्हणजे चहा निम्म्या वेळात. तार लाल झाली, नारिंगी झाली, मग पांढरीफटक झाली आणि फाडकन तुटली. किटली आपली थंडच.

ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, चहा करताय की आतषबाजी?"

माझी बायको यॉन-रे असती तर दिवसभर हसली असती. तिला जाऊन आता सात महिने होतील. ती म्हणायची, "तुम्हाला कुरकुर करायचीच असेल तर वहीत करा, माझे कान सोडा." म्हणून ही वही. कान सुटले, पण वही सुटत नाही.

१५ नोव्हेंबर

शेगडी गेली ते ठीक. खरी पंचाईत चटयांची.

या घरात जमिनीखाली कोळशाच्या वड्या जाळून खोल्या तापवायची जुनी सोय आहे, पण जमिनीला तडे गेलेत. तीन हिवाळ्यांमागं त्या तड्यांतून विषारी वायू वर आला. पहाटे यॉन-रेनं मला केसांना धरून अंगणातल्या बर्फात ओढलं, म्हणून मी आज हे लिहितो आहे. त्याच दिवशी तिनं निजायच्या दोन्ही खोल्यांखालची आग कायमची बंद केली आणि बाजारातून दोन विजेच्या चटया आणल्या. एक आम्हा दोघांना, एक तिच्या आईला. एकाच दुकानातल्या, एकाच तपकिरी रंगाच्या, चालू-बंदचं एकेक बटण असलेल्या. दोन्ही एकशेदहाच्या.

व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आहे, पण तो एकच, आणि तो टीव्ही आणि भाताच्या कुकरला पुरतो तेवढाच. शिवाय तो असा गुणगुणतो की सासूबाई म्हणतात, "हिवाळ्यात रातकिडा पाळलाय जावईबापूंनी." आणखी एक आणावा म्हटलं तर सासूबाई दोन्ही कानांवर उशा घेतील.

आणि आजच इन-बेचा फोन आला. इन-बे म्हणजे सासूबाईंचा मुलगा, यॉन-रेचा धाकटा भाऊ. तो सौदीला बांधकामावर गेला तेव्हा आईला आमच्याकडे ठेवून गेला होता. आता परत आलाय, सोलमध्ये त्यानं अपार्टमेंट घेतलंय. म्हणाला, "भावोजी, ताई होती तोवर गोष्ट वेगळी होती. मुलगा जिवंत असताना आई जावयाकडे, लोक काय म्हणतील? आणि तुमचं घर म्हणजे बर्फखाना. फेब्रुवारीत आपलं चांद्र नवं वर्ष, त्याच्या आधी मी आईला न्यायला येतो."

मी म्हटलं, "ये की." दुसरं काय म्हणणार? आई त्याची आहे.

सासूबाई बाजूला बसून मुळे चिरत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "यंदा मुळे गोड आहेत."

१९ नोव्हेंबर

माझं म्हणणं इतकंच आहे. सासूबाईंनी जायचं तर जावं. पण आमच्या घरात त्या गारठल्या, म्हणून त्यांना न्यावं लागलं, असं कुणी म्हणता कामा नये. यॉन-रेच्या आईला यॉन-रेच्या घरात थंडी वाजली, हे मला सोसणार नाही. आणि घर उबदार असलं तर कदाचित इन-बेही म्हणेल, की राहू दे अजून एक वर्ष. कदाचित.

तसा मला काही फरक पडत नाही. भात मलाही लावता येतो.

आज दुकानात यांग मास्तर आले. तांत्रिक शाळेत वीज शिकवतात आणि दर हिवाळ्यात माझ्याकडून विजारीची कंबर वाढवून घेतात. मी टेप लावता लावता त्यांना शेगडीची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की माप दोनदा घ्यावं लागलं.

"शिंपीबुवा, शेगडीच्या पाठीवर काय लिहिलं होतं?"

"एकशेदहा व्होल्ट, पाच अँपिअर."

"व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे धार. दाबाला धारेनं भागा."

"बावीस."

"ते बावीस ओहम. त्या तारेची अडवणूक. ती तारेची स्वतःची असते, दाब वाढला म्हणून बदलत नाही. आता नव्या दाबाला बावीसनं भागा."

"दहा."

"म्हणजे धार दहा अँपिअर. आता ताकद काढा. दाब गुणिले धार. आधी किती होती?"

"एकशेदहा पंचे साडेपाचशे."

"वॅट म्हणा. आणि आता?"

"दोनशेवीस दाहे..." मी टेप हातात धरून तसाच उभा राहिलो. "बावीसशे? चौपट?"

"चौपट! दाब दुप्पट झाला, त्यानं धारही दुप्पट केली. दोन दुणे चार. तुम्ही फक्त एकदाच दुप्पट धरलं. अहो, माझी पोरंही परीक्षेत हेच करतात, पण निदान ती चहा ठेवत नाहीत."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकी वर्षं वीज वापरतोय आणि तिचा हिशेब कापडासारखाच सरळ आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी चटयांचं विचारलं. मास्तर म्हणाले, "रविवारी येतो मोजायला. जेवायला काय आहे?"

२५ नोव्हेंबर

हिवाळाभर पुरणाऱ्या किमचीचा, म्हणजे तिखट आंबवलेल्या कोबी-मुळ्याचा, मोठा घाट कालच उरकला. आज मास्तर आले, शाळेतून मीटर घेऊन. सासूबाईंनी ताज्या किमचीबरोबर उकडलेलं डुकराचं मांस वाढलं. त्यांनी ते असं चापलं की मला विजारीची काळजी वाटायला लागली.

चटयांच्या पाठीवरचे आकडे पार झिजलेत, म्हणून मोजावंच लागलं. टीव्ही काढून ट्रान्सफॉर्मरवर आधी माझी चटई लावली. दाब एकशेदहा, धार दोन अँपिअर. मास्तरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"पंचावन्न ओहम," मी म्हटलं. "आणि दोनशेवीस वॅट."

"शाबास. आता सासूबाईंची."

तीही दोन अँपिअर. काटा एका केसानं इकडं नाही की तिकडं नाही.

मास्तरांनी मांडी थोपटली. "जुळ्या आहेत हो! मग ट्रान्सफॉर्मर कशाला? एकीतून निघालेली तार दुसरीत घालायची. वीज आधी तुमच्या चटईतून जाईल, मग आईंच्या. पंचावन्न आणि पंचावन्न, अडवणूक किती?"

"एकशेदहा."

"दोनशेवीस भागिले एकशेदहा?"

"दोन! जुनीच धार!"

"दाब दोघींत निम्मा निम्मा वाटला जातो. प्रत्येकीला एकशेदहा. त्यांना कळणारसुद्धा नाही गल्लीत काय बदललं ते. मात्र जुळ्या आहेत म्हणून बरं. एकीची अडवणूक जास्त असती तर दाबाचा मोठा वाटा तिनं घेतला असता, ती करपली असती आणि दुसरी कोमट राहिली असती."

सासूबाई वाटीत मांस वाढता वाढता ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, मी माझं बटण बंद केलं तर?"

"तर वाटच तुटली, आई. धार शून्य. तुमची बंद, ह्यांचीही बंद. दोन्ही बटणं दाबलेली असतील तरच दोन्ही तापणार."

"असं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी मास्तरांपुढे सरकवली.

मास्तरांनी मधे फ्यूज घालून भिंतीतून तार ओढली. सासूबाईंच्या खोलीतलं काम त्यांनीच केलं. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, जावयाला ते शोभत नाही. अंधार पडल्यावर मी माझं बटण दाबलं. काही नाही. मग भिंतीपलीकडून खट्ट असा आवाज आला आणि थोड्या वेळानं पाठीखाली ऊब पसरली. यॉन-रेची चटई तापली! मला रडू आलं, लिहायला लाज कशाची? मास्तरांचं भलं होवो. त्यांची विजार मी आयुष्यभर फुकट वाढवीन.

३ डिसेंबर

आता आमचा नेमच झालाय. जेवणं झाली, बातम्या झाल्या की सासूबाई भिंतीपलीकडून विचारतात, "निजलात का जावईबापू? मग दाबते." मग खट्ट. सकाळी विचारतात, "पाठ कशी आहे?" मी म्हणतो, "लोण्यासारखी."

खरंच आहे. दिवसभर मशीनवर वाकून पाठीचं लाकूड होतं. पण यंदा सकाळी मी मोजे स्वतःच्या हातानं घालतो. त्यांचीही थंडी पळाली. गाल कसे लाल झालेत! सत्तराव्या वर्षी इतका रंग म्हणजे ऊब अंगाला लागलीय. इन-बेनं येऊन बघावं.

११ डिसेंबर

सासूबाईंच्या खोलीतून मेजूचा वास यायला लागला. सोयाबीन शिजवून, कुटून, विटा थापून त्या गवतात ठेवतात, बुरशी धरली की पुढं वर्षभराचा सॉस आणि लगदा त्यांतूनच होतो. दरवर्षी हा वास बराच उशिरा येतो, यंदा लवकर आला. मी म्हटलं, "आई, विटा भारीच घाई करतायत." त्या म्हणाल्या, "यंदा त्यांना मानवलंय हो."

खोलीची ऊब! दोनशेवीस वॅट म्हणजे काही थट्टा नाही.

२२ डिसेंबर

आज वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. गल्लीतल्या बायका कोपऱ्यावरच्या घरात लाल घेवड्याची पेज करायला जमल्या होत्या, सासूबाईही गेल्या. मला दुपारीच पाठीनं दगा दिला, दुकान बंद करून घरी आलो, बटण दाबलं, आडवा झालो. चटई गार. त्या बटण बंद करून गेल्या होत्या.

संध्याकाळी पेज घेऊन आल्या आणि मला कण्हताना पाहून दारातच थबकल्या. मी जरा फणकारलोच. "आई, तुमचं बंद म्हणजे माझंही बंद. मास्तरांनी सांगितलं होतं ना?"

"चुकले हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही व्हायचं."

एवढ्यासाठी बोलायला नको होतं. पेज फार छान होती. तांदळाच्या गोळ्या त्यांनी माझ्या वाटीत जास्त घातल्या होत्या.

९ जानेवारी १९८५

बाहेर नळ गोठलेत. आणि सासूबाई बाहेरच्या ओसरीवर बसून केस विंचरतात! उघड्या डोक्यानं! मी ओरडलो तर म्हणाल्या, "जरा वारा घेते." कसला वारा, तिथं माझी मिशी ताठ झाली. न्याहरीला मुळ्याच्या किमचीचं बर्फाचे खडे तरंगणारं पाणी वाटीभर पितात. खोलीची खिडकीही बोटभर उघडी असते. मी इकडं वॅट मोजून ऊब करतोय आणि या ती अंगणात सोडून देतायत.

बोललो तसं. तर हसल्या. "म्हातारीचे चाळे म्हणा आणि सोडून द्या."

१७ जानेवारी

एक गोष्ट मनात आहे, ती इथंच लिहितो. सासूबाई विसरायला लागल्या आहेत. आताशा बाजारात जातात, शेजारी जातात, आणि चटईचं बटण चालूच ठेवून जातात. मी दुपारी जेवायला येऊन माझं बटण दाबलं की चटई लगेच तापायला लागते. माझ्या पाठीला बरं वाटतं हे खरं, पण रिकाम्या खोलीत चटई चालू ठेवायची म्हणजे! आज समजावलं, की आई, आग लागेल. खाली मान घालून म्हणाल्या, "विसरते हो. वय झालं."

हे इन-बेला कळता कामा नये. तो उद्याच गाडीत बसून येईल.

३० जानेवारी

नव्या वर्षाच्या कपड्यांची कामं उरकली. इतकं काम मी गेल्या कित्येक हिवाळ्यांत केलं नव्हतं. पाठीनं साथ दिली म्हणून. हातात सुई धरतो तेव्हा वाटतं, यॉन-रेनं त्या दोन चटया आणल्या नसत्या, मास्तरांना पोट सुटलं नसतं, भिंतीपलीकडे रोज कुणी खट्ट केलं नसतं, तर मी आज अंथरुणाला खिळलो असतो. माणूस किती जणांच्या जिवावर उभा असतो, आणि मिजास मात्र स्वतःची!

सासूबाईंना यातलं काही बोललो नाही. बैलाच्या हाडांच्या सुपात मीठ कमी पडलंय, एवढंच म्हणालो.

८ फेब्रुवारी

इन-बेचा फोन. सोळा तारखेला येतोय.

मी दुकानात एका कागदावर हिशेब लिहून ठेवलाय. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट. खाली रेघ मारून: आईंच्या एकटीच्या खोलीत दोनशेवीस वॅट. हा कागद त्याच्यापुढं ठेवायचा. तो बांधकामवाला आहे, त्याला आकडे कळतात.

मग वाटलं, हे मी कुणासाठी करतोय? मुलाकडं आईनं राहायचं ही जगाची रीत आहे. माझी बायकोही राहिली नाही, मग सासू कुठल्या नात्यानं अडवायची? तरी कागद फाडला नाही.

१६ फेब्रुवारी

इन-बे आला. उन्हानं काळवंडलाय, पण मन तसंच आहे, आल्याबरोबर ताईच्या फोटोपुढं कपाळ टेकवून रडला. माझ्यासाठी एक लांब खोकं आणलंय. उघडलं तर नवी कोरी विजेची चटई, दोनशेवीसची, मऊ गुलाबी!

"भावोजी, आई गेल्यावर ती तुमची जुळणी चालणार नाही, हो ना? मला आईनं फोनवर सांगितलं होतं. म्हणून ही. ही एकटीच तापते."

पोरानं किती विचार केला. मी त्याचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले. सासूबाईंनी चटईवरून एकदा हात फिरवला आणि त्या भात वाढायला गेल्या.

जेवताना मी कागद काढला. इन-बेनं नीट वाचला. "हिशेब चोख आहे भावोजी. पण माझ्याकडं सबंध अपार्टमेंटची जमीन तापलेली असते. चोवीस तास. बनियनवर बसतो आम्ही जानेवारीत. आईला आता थंडी म्हणजे काय ते आठवणारसुद्धा नाही."

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

१७ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायला हवं.

सकाळी सासूबाईंचं गाठोडं बांधून झालं. कपाटावरची पेटी काढायची होती, इन-बे गाडी बघायला गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "या आत, आता कसला संकोच." त्या इथं राहायला आल्यापासून मी पहिल्यांदाच त्या खोलीत गेलो.

चटई मागच्या भिंतीशी होती. तिच्यावर गवत, गवतावर मेजूच्या विटा ओळीनं मांडलेल्या, वर जुनं गोधडं पांघरलेलं. आणि सासूबाईंचं अंथरूण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या फटीशी, उघड्या गार जमिनीवर. एक पातळ गादी. उशाशी कागदी पंखा. फेब्रुवारीत पंखा!

मी पंखा उचलून पाहिला. मग म्हटलं, "आई, तुम्ही चटईवर निजत नाही?"

"मला ऊब सोसत नाही हो. लग्नाआधीपासून. अंगाची आग होते, डोकं चढतं. यॉन-रेला ठाऊक होतं. तिनं आणली तेव्हाच मी तिला म्हटलं, मला कशाला? तर म्हणाली, असू दे, मेजूला होईल."

"मग रोज रात्री बटण..."

"तुमची पाठ," त्या म्हणाल्या. जसं काही मी भाताला पाणी किती हे विचारलं होतं.

ते लाल गाल. ती ओसरी, ते बर्फाचं पाणी, ती बोटभर खिडकी. ते विसरणं! मी म्हातारीला आगीची भीती घालत होतो, आणि ती मान खाली घालून ऐकून घेत होती. कारण खरं सांगितलं असतं तर मी चटई काढून टाकली असती. सगळा हिवाळा मी तिला ऊब देतोय म्हणून मिरवत होतो, आणि ती माझ्यासाठी त्या खोलीत शिजत होती. मी तिथंच मेजूशेजारी खाली बसलो आणि रडलो. सासूबाई म्हणाल्या, "विटांवर पाणी पाडू नका, खराब होतील."

तेवढ्यात इन-बे आला. त्यानं चटई पाहिली, पंखा पाहिला. "आई, हे काय?"

"काय म्हणजे? अरे, तू माझ्या पोटचा, आणि तुला एवढं माहीत नाही? तुझ्या त्या घरात चोवीस तास जमीन तापते म्हणतोस. माझी भाजलेली मासळी करायचीय का?"

"पण मी तर समजत होतो, इथल्या थंडीनं तुला..."

"इथं थंडी आहे म्हणून तर मी टिकलेय!"

इन-बे माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. तो हसू दाबत होता, पण डोळे ओले होते. म्हणाला, "तरी आई, नव्या वर्षाला बाबांना नैवेद्य दाखवायचा, तू नकोस का?"

"येते की. तो तुझाच मान. चार दिवस येते, खिडकीशी निजव मला. मग पुढच्या महिन्यात मेजू मिठाच्या पाण्यात घालायचेत, मग सॉस गाळायचा, मग लगदा मुरवायचा. ते कोण करणार? जावईबापू?"

"म्हणजे कधीपर्यंत?"

"ते मेजूला विचार."

आता मी बोललो. आयुष्यात जे बोलायला मला जड जातं, ते बोललो. "आई, राहा. चटईसाठी नाही. मला घरात तुम्ही हव्या आहात. इन-बे, तुझी आई तुझीच आहे, पण मला राहू दे तिच्याजवळ."

इन-बेनं माझे दोन्ही हात धरले. "भावोजी, हे फोनवरच म्हणाला असता तर मी गुलाबी चटई घेतलीच नसती." ती चटई आता तो येईल तेव्हा त्याच्यासाठी.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "बटण चालू ठेवून जाते."

"नको," मी म्हटलं. "मेजूलाही जरा सुकू दे. बंद करा. परत आलात की तुम्हीच लावा."

२० फेब्रुवारी

नवं वर्ष. यॉन-रेच्या नैवेद्याच्या पानात तिच्या आवडीची सुकी पर्सिमॉन फळं ठेवली. तिला सांगितलं, तुला सगळं ठाऊक होतं आणि मला काही बोलली नाहीस.

यांग मास्तर शुभेच्छा द्यायला आले. हकिगत ऐकून दोन वाट्या सूप जास्त प्यायले. म्हणाले, "म्हणजे विटांना दोनशेवीस वॅट! आता आईंच्या चटईऐवजी पंचावन्न ओहमची एक तार डब्यात घालून देतो. हिशेब तोच, आईंना बटणाचा त्रास नको." मी म्हटलं, आईंना विचारून सांगतो.

२२ फेब्रुवारी

आज येणार होत्या. आल्या नाहीत. इन-बेचा फोनही नाही. नातवंडांनी धरून ठेवलं असेल. तिथं लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे, कुणीही राहील.

गुलाबी चटई खोक्यातच आहे. पाठ दुखते, तरी काढली नाही. माझं बटण मात्र दाबलेलं आहे. उगाच.

२३ फेब्रुवारी

आजही दिवसभर काही नाही. दुकानातून लवकर आलो, भात लावला, जेवलो नाही. दिवा न लावताच आडवा झालो. मास्तरांची विजार उसवायची राहिलीय, इतकंच डोक्यात होतं.

डोळा लागला असावा. जाग आली ती पाठीमुळं. पण दुखत नव्हती. आधी वाटलं, भास आहे. हात खाली घातला. ऊब होती. अगदी कोवळी, नुकती निघालेली, आणि वाढत होती.

मी उठलो नाही. तसाच पडून राहिलो आणि हात चटईवर ठेवला. भिंतीपलीकडे खिडकी बोटभर सरकल्याचा आवाज आला.

"जावईबापू, भात तसाच पडलाय कुकरमध्ये. जेवला नाहीत का?"

"तुमची वाट बघत होतो," मी म्हटलं.

मास्तरांच्या डब्याचं विचारलं. म्हणाल्या, "काही नको. माझी चटई तापली की मला कळतं तुम्ही घरी आहात."

आता त्या भात गरम करतायत. जेवायला जातो.